मदत हवी आहे: छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बजेटची सुनावणी मंगळवारी, शिक्षक कमी करताहेत, काय विचारायचं?

केतकी_पान
मंगळवारी रात्री आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे इथे अमेरिकेत गावाच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, २०२५-२६ च्या बजेटची सुनावणी आहे. तिसरीचे दोन वर्ग होते, त्यांचा एक करणार, म्हणजे एका बाईंपुढे २७ मुलं. संगीताच्या बाई अर्धवेळ होणार, लायब्ररियनची जागा रद्द. कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, "स्टेट एड (राज्याकडून येणारी मदत) कमी झाली." टॅक्स मात्र दरवर्षी वाढतोच आहे. या बजेटच्या विरोधात मत कुठे द्यायचं? पत्र सुपरिंटेंडंटना (डिस्ट्रिक्टच्या प्रमुख अधिकाऱ्यांना) लिहायचं की मेयरना? गणिताचे निकालही घसरलेत, तेही मांडायचं आहे. माहीतगारांनी कृपया लवकर लिहा.

रांजण
राज्य कुठलं ते आधी सांगा. पेनसिल्व्हेनिया, टेक्सस, जर्सी, सगळीकडे नियम वेगळे. शाळा आठवीपर्यंत की बारावीपर्यंत? बोर्ड निवडून आलेलं की नेमलेलं? निवडणूक एप्रिलमध्ये होते की नोव्हेंबरमध्ये? यावर निम्मं उत्तर ठरतं.

सातूचं पीठ
माझं स्पष्ट मत, अशा डिस्ट्रिक्टमध्ये थांबू नये. रेटिंग एकदा खाली आलं की घराची किंमतही खाली येते. आत्ता बाजार चांगला आहे तोवर मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये घर बघा.

केतकी_पान
घर विकायचं नाहीये, तो प्रश्नच नाही. न्यू जर्सी. शाळा आठवीपर्यंत, पुढे मुलं रीजनल हायस्कूलला जातात. बोर्ड निवडून आलेलं, निवडणूक नोव्हेंबरला.

रांजण
मग विरोधी मत कुठेच देता येणार नाही. २०१२ च्या कायद्याने ज्यांनी बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेली, त्यांचं टॅक्सवाढीच्या २ टक्क्यांच्या मर्यादेतलं बजेट मतदारांपुढे येतच नाही. मर्यादेच्या वर पैसे हवे असतील तरच वेगळा प्रश्न मतपत्रिकेवर येतो, आणि ते पैसे नेमके कशासाठी हे त्यात लिहावं लागतं. मेयरना पत्र लिहून उपयोग नाही. टाउन शाळेचा टॅक्स गोळा करून बोर्डाला देतं, पण निवडून आलेल्या बोर्डाच्या बजेटला हात लावू शकत नाही. बजेट सुपरिंटेंडंट आणि बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर मांडतात, काउंटीचे एक्झिक्युटिव्ह सुपरिंटेंडंट तपासतात, आणि मंजूर बोर्डाचे सभासद करतात. पत्र त्या सभासदांना, प्रत्येकाला वेगळं, आणि मंगळवारच्या आत. कारण बहुतेक ठिकाणी सुनावणी संपली की त्याच बैठकीत ठराव होतो.

टॅक्स वाढतोय म्हणता, पण कुठल्या ओळीत? हायस्कूल रीजनल असेल तर बिलावर शाळेच्या दोन ओळी असतात, एक तुमच्या डिस्ट्रिक्टची आणि एक रीजनलची. दोन्ही बोर्डं वेगळी, बजेटं वेगळी.

केतकी_पान
बिल पाहिलं. दोन ओळी आहेत. लोकल शाळेची ओळ थोडी वाढली आहे, हायस्कूलची बरीच जास्त. पण कपात तर आमच्याकडे होतेय! आणि आम्ही अजून सिटिझन नाही, सुनावणीत बोलता येईल ना?

हिशेबनीस
बोलता येईल. नागरिकत्व मतदानाला आणि बोर्डावर उभं राहायला लागतं, बोलायला नाही. भाड्याने राहणाराही बोलू शकतो. नाव आणि टाउन सांगायचं, प्रत्येकाला ठरावीक मिनिटं मिळतात, तेव्हा एकच विषय घ्या.

आता "एड कमी झाली" या उत्तराकडे. जर्सीत २००८ च्या स्कूल फंडिंग रिफॉर्म अॅक्टप्रमाणे मदत ठरते. मुलांच्या संख्येवरून, गरजेप्रमाणे वजन देऊन, "पुरेसं बजेट" किती ते काढतात. मग टाउनची मालमत्ता आणि लोकांचं उत्पन्न पाहून टाउनने किती उचलावं ते काढतात. या दोहोंतला फरक म्हणजे इक्वलायझेशन एड. घरांच्या किमती वाढल्या की टाउन श्रीमंत दिसतं आणि मदत घटते, शाळेत काहीही बदललेलं नसलं तरी. शिवाय २००८ मध्ये कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून अॅडजस्टमेंट एड दिली होती, ती २०१८ च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने २०२४-२५ पर्यंत काढली. त्या वर्षांत छोट्या डिस्ट्रिक्टना खरंच फटका बसला.

पण २०२५-२६ च्या आकड्यांत मुख्य मदतीची घट ३ टक्क्यांवर रोखली होती (वाढ ६ टक्क्यांवर). तुमची एकूण स्टेट एड किती?

केतकी_पान
स्लाइडवर ७ लाख डॉलरच्या आसपास होती. बजेट १ कोटी २० लाख, लेव्ही (गावाच्या टॅक्समधून येणारी रक्कम) ९५ लाख.

हिशेबनीस
बघा मग. ७ लाखांचे ३ टक्के म्हणजे २१,०००. एक पूर्ण शिक्षक, लायब्ररियन आणि अर्धी संगीत शिक्षिका, पगार आणि विमा धरून अडीच लाखांच्या घरात जाणार. उरलेले सव्वादोन लाख एडमुळे गेलेले नाहीत. ते कुठे गेले, एवढंच मंगळवारी विचारायचं आहे.

वेबसाइटवर "यूझर फ्रेंडली बजेट" नावाची फाइल असते, कायद्याने टाकावीच लागते. तीन वर्षांचे स्तंभ शेजारी शेजारी असतात. आधी आरोग्य विमा आणि इतर लाभांची ओळ पाहा, बिझनेस ऑफिसात तिचा कोड ११-०००-२९१. लेव्ही २ टक्क्यांनी वाढते म्हणजे तुमच्याकडे १ लाख ९० हजार. पगारवाढ त्यातूनच आणि विम्याचा हप्ताही त्यातूनच. हप्ता दोन आकडी टक्क्यांनी वाढला की वर्गाला काही उरत नाही. दुसरी ओळ ट्यूशनची, ११-०००-१००. विशेष गरजा असलेलं मूल बाहेरच्या शाळेत पाठवलं की तिथली फी डिस्ट्रिक्ट भरतं. खासगी शाळेच्या ५५,००० डॉलरच्या वरच्या फीचे ७५ टक्के राज्य "एक्स्ट्राऑर्डिनरी एड" म्हणून परत देतं, पण निधी पुरत नाही म्हणून त्यातही कपात होते, आणि पैसे हातात येईतो वर्ष संपलेलं असतं. मोठ्या डिस्ट्रिक्टला दोन मुलं वाढल्याचं कळतही नाही, तुमच्याकडे तेवढ्यात एक शिक्षक जातो. तिसरी ओळ वाहतुकीची, ११-०००-२७०. आणि कुणाचा पगार करोनाकाळच्या केंद्रीय निधीतून चालला होता का, हेही विचारा. त्या निधीची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली.

एक विनंती. ट्यूशनची ओळ बोर्डाला विचारताना मुलांचा उल्लेख नको. छोट्या गावात कोण मूल ते लगेच कळतं, आणि त्या मुलाचा तो हक्क आहे. प्रश्न फक्त "मूळ अंदाज किती होता, प्रत्यक्ष किती झाला" असा ठेवा.

वसंता
इतकं कशाला? त्याच फाइलमध्ये शिलकीचा तक्ता असतो. आमच्या बाजूच्या डिस्ट्रिक्टमध्ये कॅपिटल रिझर्व्हमध्ये ९ लाख पडून आहेत. तुमच्याकडेही असतील. ते काढा म्हणावं, शिक्षक वाचतील.

हिशेबनीस
नाही काढता येत. कॅपिटल रिझर्व्ह छप्पर, बॉयलर, खिडक्या अशा कामांसाठी. मेंटेनन्स रिझर्व्ह आवश्यक दुरुस्तीसाठी. त्यातून पगार देणं कायद्यात बसत नाही, आणि सुनावणीत हा मुद्दा काढला की पुढचं कुणी ऐकत नाही. विचारायचं ते मोकळ्या शिलकीबद्दल. ती साधारण बजेटच्या २ टक्क्यांपर्यंत ठेवता येते, वरची रक्कम पुढच्या बजेटमध्ये वापरावीच लागते. यंदा किती वापरली, पुढच्या वर्षी तेवढी असेल का?

वसंता
कॅपिटल रिझर्व्हमध्ये दरवर्षी जूनमध्ये पैसे टाकतात ते कुठून? त्याच मोकळ्या शिलकीतून. ठराव करून टाकतात, लोकांचं लक्ष नसतं. म्हणजे पैसे होते, ते शिक्षकाकडे न जाता छपराकडे गेले. हा प्रश्न चुकीचा कसा?

हिशेबनीस
हा प्रश्न बरोबर आहे. "रिझर्व्हमधून काढा" नाही, "या जूनमध्ये रिझर्व्हमध्ये किती टाकणार" असं विचारा. तरी एक लक्षात घ्या, शिल्लक एकदाच वापरता येते, पगार दरवर्षी लागतो. शिलकीवर शिक्षक ठेवला तर पुढच्या एप्रिलला तेच भोक पुन्हा.

मोगरा०७
पीटीओने (पालक-शिक्षक संघटनेने) पैसे जमवले तर? संगीताच्या बाईंपुरते तरी. इतक्या भारतीय कुटुंबांनी मनावर घेतलं तर अवघड नाही.

रांजण
देणगी बोर्डाने ठरावाने स्वीकारावी लागते आणि बाई डिस्ट्रिक्टच्याच कर्मचारी राहतात, म्हणजे पगार, विमा, करार सगळं तसंच. दरवर्षी तेवढी रक्कम उभी राहीलच याचा भरवसा कोण देणार? वाद्यं, पुस्तकं, बाहेरच्या वादकांच्या कार्यशाळा यांसाठी पीटीओ उत्तम.

आडवाटेचा
मूळ दुखणं कुणी बोलत नाही. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट. शेपाचशे मुलांना एक सुपरिंटेंडंट, एक बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर, एक ऑडिट. एकत्र या! हायलँड्स आणि अटलांटिक हायलँड्सने २०२३ मध्ये मतदान करून आपल्या शाळा हेन्री हडसन रीजनलमध्ये आणल्या, जुलै २०२४ पासून एकच डिस्ट्रिक्ट. अभ्यासासाठी राज्य अनुदानही देतं.

रांजण
मंगळवारच्या सुनावणीला याचा काय उपयोग? आधी अभ्यास, मग प्रत्येक टाउनचं मतदान, मग खर्च मालमत्तेवर वाटायचा की मुलांच्या संख्येवर यावरचं भांडण. ज्या टाउनचा टॅक्स वाढतो ते नाही म्हणतं. शिवाय पगाराचे करार एकत्र करताना बहुधा वरच्या श्रेणीला जुळवावं लागतं, त्यात बचत बरीचशी जाते.

आडवाटेचा
मंगळवारी नाही, पण हा प्रश्न दर एप्रिलला येणार आहे. एकत्र यायचं नसेल तर निदान बिझनेस अॅडमिनिस्ट्रेटर शेजारच्या डिस्ट्रिक्टबरोबर वाटून घेता येतो. यूझर फ्रेंडली बजेटमध्ये शेअर्ड सर्व्हिसेसची यादी असते. ती कोरी असेल तर तेच विचारायला हवं.

केतकी_पान
यादी आहे, त्यात फक्त बसचा उल्लेख आहे. हे विचारते. गणिताच्या निकालांचं काय? तिसरीचे गेल्या वर्षीपेक्षा ९ टक्क्यांनी कमी आहेत.

मोगरा०७
तिसरीत मुलं किती होती? ३४ असतील तर एक मूल म्हणजे ३ टक्के. ९ टक्के म्हणजे तीन मुलं. शिवाय मागची तिसरी आणि ही तिसरी, मुलंच वेगळी. हे आकडे दाखवलेत तर सुपरिंटेंडंट दोन वाक्यांत उडवतील. राज्याच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये "ग्रोथ" पाहा, त्यात प्रत्येक मुलाची तुलना आधी तेवढेच गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांशी होते. मीडियन ४० ते ५९.५ मध्ये असेल तर वाढ नेहमीसारखी. ती तिसरीला मिळत नाही, चौथीपासून मिळते. तेव्हा मागच्या तिसरीची यंदाची चौथी पाहा. सलग तीन वर्षं ४० च्या खाली असेल तर मुद्दा भक्कम.

सातूचं पीठ
ग्रेटस्कूल्सवर (शाळांना रेटिंग देणारी वेबसाइट) किती आहे ते लिहा ना. तेवढ्यावरच कळेल.

मोगरा०७
नाही कळत. छोट्या शाळेत तो आकडा दोनतीन कुटुंबांच्या येण्याजाण्याने हलतो.

केतकी_पान
यूझर फ्रेंडली बजेटमध्ये २९१ ची ओळ सापडली, १ लाख ४० हजारांनी वाढली आहे. ट्यूशनची ओळ जवळपास गेल्या वर्षीइतकीच. पण बिझनेस ऑफिस म्हणालं, विम्याचे तपशील हवे असतील तर ओप्रा अर्ज (सरकारी कागद मागण्याचा) करा, सात दिवस लागतील. मंगळवार तर चार दिवसांवर आलाय.

हिशेबनीस
अर्ज आजच करा. सात कामाचे दिवस ही कमाल मुदत आहे. बजेट, बिलं, व्हाउचर आणि करार, यात शिक्षकांच्या युनियनचा करारही आला, हे साधारणपणे लगेच दाखवायचे कागद आहेत, कायद्यातच तसं आहे. अर्जात "विम्याची सगळी माहिती" असं लिहू नका. "२०२५-२६ च्या हप्त्याचं नूतनीकरणाचं पत्र आणि विमा दलालाशी झालेला करार" असं कागदाचं नाव घालून मागा.

म्हणजे तुमचा उलगडा झाला. लेव्हीतून १ लाख ९० हजार आले, त्यातले १ लाख ४० हजार विम्याने घेतले, राहिलेल्या पन्नास हजारांत पगारवाढ बसत नाही. मंगळवारी हे विचारा. विम्याची वाढ हद्दीबाहेर गेली की लेव्हीच्या मर्यादेत सवलत मिळते, ती घेतली का? मागच्या तीन वर्षांत न वापरलेली लेव्हीची मुभा, बँक्ड कॅप, शिल्लक आहे का? दुसऱ्या विमा योजनेचे दर मागवले का? टॅक्स आणखी वाढवायला लोकांची तयारी आहे का हेही तिथेच कळेल, तेव्हा शेजाऱ्यांना घेऊन जा.

रांजण
आणि १५ मे लक्षात ठेवा. टेन्युअर (कायम नोकरी) नसलेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी घेणार की नाही हे तोवर लेखी कळवावं लागतं. त्यानंतर बोर्डाचं मन वळलं तरी त्या बाईंनी दुसरीकडे नोकरी धरलेली असू शकते. तिसरीच्या दोन बाईंपैकी कोण जाणार हे बहुधा सेवाज्येष्ठतेवर ठरतं, म्हणून व्यक्तीसाठी बोलू नका, वर्गाच्या संख्येसाठी बोला. बोर्डाच्या धोरणात वर्गसंख्येची मर्यादा लिहिलेली असते का ते पाहा. पॉलिसी मॅन्युअल वेबसाइटवर असतं. तिथे २४ किंवा २५ लिहिलं असेल आणि बजेट २७ चं असेल, तर बोर्ड स्वतःचंच धोरण मोडतंय. त्याला उत्तर द्यावंच लागेल.

केतकी_पान
धोरणात पहिली ते तिसरीसाठी २४ लिहिलंय! पान छापून घेते. अर्ज आत्ता पाठवला.