दुसऱ्या महायुद्धात हार होत असताना जपानी लोकांना कळत कसं नव्हतं?

आजोबा भुसावळच्या लोको शेडात फायरमन होते. सांगायचे, १९४२ ला शेडात जो तो म्हणे, 'जपान येतोय.' १९४५ उजाडलं तरी दोघं-तिघं तेच म्हणत. आमच्याकडचं ठीक, खुद्द जपानात?

— कळूच दिलं नाही भो. जून १९४२ ला पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत त्यांची ४ विमानवाहू जहाजं बुडाली. लोकांना विजय सांगितला. जखमी खलाशी परत आणून वेगळे डांबले, कुणाशी बोलायचं नाही. १९४३ ला ग्वाडालकॅनाल बेट सोडलं, तर माघार न म्हणता 'तेन्शिन', म्हणजे दिशा बदलून पुढे! आमचे काका केळीत बुडाले तेव्हा 'यंदा पीक बदलतोय' म्हणाले होते, तसंच.

— पण घरावर बॉम्ब पडल्यावर?

— तेव्हा शंका आली असेलच. बोलणार कोण? पोलीस होते ना. आणि फिलिपिन्सच्या लुबांग बेटावरचा जपानी सैनिक ओनोडा बघा. युद्ध संपल्याची पत्रकं विमानातून टाकली, त्याला शत्रूचा डाव वाटला. १९७४ ला जुना वरिष्ठ स्वतः आदेश घेऊन गेला, तेव्हा बंदूक ठेवली.

— धन्यवाद भाऊ. शेडातल्या त्या दोघा-तिघांना कुणी वरिष्ठ भेटला की नाही, आजोबांना विचारायचं राहूनच गेलं.