ट्रॉलर ‘जप्त’ केला?

पणजी: पहिल्या महायुद्धावरचा एक लेख तपासतेय. त्यात वाक्य आहे, ‘पोर्तुगीज आरमाराने १९१६ साली मासेमारीचा एक ट्रॉलर जप्त करून त्याची गस्तनौका केली.’ ‘जप्त’ खटकतंय. काय लिहू?

बेतूल: खटकणारच! गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. त्या दिवसांत कुणी चोरून गेला नि सापडला की ट्रॉलर जप्त. जप्तीला आधी गुन्हा लागतो. इथे मालकाने काय केलं होतं?

फोंडा: सरकारी शब्द ‘अधिग्रहण’. निवडणुकीला गाड्या घेतात तसं.

वास्को: अर्थ चोख, पण ‘अधिग्रहण’ म्हटलं की मला एक-चौदाचा उतारा (गोव्यातली जमिनीची नोंद) नि गेलेली जमीनच आठवते. ‘आरमाराच्या सेवेत घेतला’ लिहा. ब्रिटिशांनी तर दोन्ही महायुद्धांत कित्येक ट्रॉलर मालकांना भाडं देऊन घेतले. माणसंही बरीचशी मच्छीमारच. त्यात नवल नाही: समुद्रात पेरलेले सुरुंग काढायला पाण्याखालून तार ओढत न्यायची, म्हणजे जाळं ओढण्याचंच काम. विंच, म्हणजे दोर ओढायचा रहाट, डेकवर होताच. सुरुंगाला खाली धरून ठेवणारा दोर तारेने कापला की सुरुंग वर तरंगतो, मग रायफलने गोळ्या घालायच्या.

पणजी: लेखातला ट्रॉलर ‘एलिते’. आरमारात गेल्यावर नाव झालं ‘आउगुश्तु द काश्तील्यु’. १४ ऑक्टोबर १९१८ला ‘साँव मिगेल’ या प्रवासी जहाजाबरोबर अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांकडे चालला होता. वाटेत जर्मन पाणबुडी यू-१३९ आडवी आली. ट्रॉलर मध्ये पडून लढला म्हणून प्रवासी जहाज निसटलं. कमांडर कार्व्हाल्यु आराउजु मारला गेला, ट्रॉलर बुडाला.

फोंडा: मग त्या दिवशी तो गस्तीवर नव्हताच की, राखणीला होता. ‘गस्तनौका’ म्हटलं की किनाऱ्यालगत फेऱ्या मारणारी बोट वाटते. (बाकी ‘आरमार’ ठेवा. शब्द मूळचा पोर्तुगीज ‘आर्मादा’, इथे शोभतो.)

पणजी: ‘१९१६ साली आरमाराच्या सेवेत घेऊन तोफा चढवलेला मासेमारीचा ट्रॉलर’. जमतंय?

बेतूल: जमतंय. शिवाय आधीच्या वाक्यात ‘तो ट्रॉलर’ मध्येच ‘ती गस्तनौका’ होत होता, ती भानगडही मिटली. आमच्या जेटीवर ट्रॉलर तो तोच, तोफ चढवा नाहीतर बर्फ.