मदत हवी आहे: दिंडीच्या साउंडसाठी कारची बॅटरी चालेल का?

कोपरखैरण्यातल्या आमच्या भजनी मंडळाच्या आषाढीच्या दिंडीत हातगाडीवर १२ व्होल्टचा १२० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि दोन माईक असतात. सलग चार तास चालायला हवं. जनरेटर नको, त्याच्या आवाजात अभंग कोण ऐकणार!

कारमधली जुनी ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी लावून पाहिली. पूर्ण चार्ज होती, पण दीड-दोन तासांत व्होल्टेज ११.५ च्या खाली गेलं आणि आवाज फाटायला लागला. वायर जाड आहे, कनेक्शन घट्ट आहेत, तेही तपासलं. क्लॅम्प मीटरवर भजन चालू असताना सरासरी ७-८ अँपिअर दिसतात, म्हणजे चार तासांचे साधारण ३० एएच. लेड-अ‍ॅसिड (कारची असते तशी) बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं तर ६५ एएच तरी लागेल.

दुकानदार ६५ एएचची मेंटेनन्स फ्री कार बॅटरी घ्या म्हणतो. पण ती स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली, अशी खोलवर उतरवली तर लवकर खराब होईल ना? इन्व्हर्टरची ट्यूब्युलर जड, शिवाय गाडी हिंदकळली की अ‍ॅसिड सांडायची भीती. लिथियम आयर्न फॉस्फेट ५० एएच हलकी आहे, पण महाग, आणि चार्जरही वेगळा.

वापर वर्षातून पाच-सहा वेळाच, एरवी घरी पडून. बजेट दहा हजार. यात कोणती घ्यावी?