ओल्डमॅन जाळायचा की नाही? ३१ डिसेंबर, पाडवा आणि बेळगावची गल्ली

कॅम्पकोपरा

नाताळ सरला की बेळगावात कॅम्पापासून उपनगरांपर्यंत ओल्डमॅन उभे राहायला लागतात आणि त्याबरोबर घराघरांतला वादही. बाहेरगावच्यांसाठी सांगतो : ओल्डमॅन म्हणजे सरत्या वर्षाचा म्हातारा. जुन्या कपड्यांत पिंजर, म्हणजे भाताचं वाळलं गवत भरायचं, वर तोंड बसवायचं आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बाराला पेटवायचं. गोव्यातही जाळतात.

माझं म्हणणं : घरच्यांनी आणि पोरांनी मिळून केलेला पाच फुटी गवताचा ओल्डमॅन ही चांगली प्रथा आहे, ती राहावी. विकत आणलेला वीस फुटी मात्र बंद व्हावा. भांडण असलंच तर ते उंचीशी आणि आत काय भरलंय त्याच्याशी.

पाच फुटीला लागतं काय? चिव्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या, दोन काठ्या. उभी साडेसहा फूट, त्यातली दीड फूट वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात. आडवी तीन फूट, खांद्याच्या उंचीला फुलीची गाठ मारून. चिवाच घ्या, तो भरीवसर असतो. पोकळ वेळू घेतला तर पेरातली हवा तापून पेर बंदुकीसारखं फुटतं आणि पेटलेलं गवत बघणाऱ्यांच्या अंगावर येतं. वेळूच मिळाला तर प्रत्येक पेराला खिळ्यानं भोक पाडायचं. पिंजर चार-पाच किलो, दोन दिवस उन्हात वाळवलेलं. आणि ते दाबून भरायचं नाही. दाबलं की आत हवा जात नाही, कपडे जळून जातात आणि गवताचा गोळा तासभर नुसता धुमसत बसतो. दहातले नऊ ओल्डमॅन इथंच फसतात, आणि मग कोणीतरी पेट्रोलची बाटली घेऊन येतो.

कपडे सुती. पॉलिस्टरची पँट जळता जळता वितळून ठिबकते.

पाडवाच_खरा

सगळं नीट सांगितलंत, फक्त नवीन वर्ष चुकलं.

आपलं वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला. २०२६ चा पाडवा १९ मार्चला, शके १९४८, पराभव नाम संवत्सर. त्यात तर प्रतिपदेचा क्षय : सूर्योदय होऊन गेल्यावर तिथी लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधी संपते. तरी पाडवा १९ लाच. एवढा बारीक हिशोब ज्या वर्षाला आहे ते सोडून मध्यरात्री गवत कशाला पेटवायचं?

दुसरा मुद्दा उरतं काय याचा. गुढीचं काही वाया जात नाही. काठी धुऊन माळ्यावर, पुढच्या वर्षाला तीच. साडी किंवा गुळेदगुड्डचा खण घडी घालून कपाटात. तांब्या स्वयंपाकघरात. साखरेची माळ पोरांच्या पोटात. कडुलिंबाचा डहाळा वाळवून धान्याच्या डब्यात. सूर्य मावळायच्या आत उतरवली की संपलं. ओल्डमॅनची राख उरते आणि डांबरावर काळा डाग.

चिक्कोडीचं_बेवू

पाडवाअण्णा, “आपलं वर्ष” म्हणालात खरं, ह्या जिल्ह्यात “आपलं” एवढं सोपं नाही की हो. चिक्कोडी, हुक्केरी, संकेश्वर भागात एकाच आळीत एका दारावर गुढी आणि शेजारच्या दारात युगादीचं, म्हणजे कानडी पाडव्याचं तोरण. तिथी एक, शके एक, संवत्सराचं नावसुद्धा एकच. आणि जाळण्याचं म्हणाल तर हुबळी-धारवाडकडं होळीला कामण्णा, म्हणजे मदनाचा पुतळा जाळतात. नागपुरात तान्ह्या पोळ्याला “ईडा, पिडा घेऊन जा गे मारबत” म्हणून मारबत मिरवून जाळतात. नको असलेलं पुतळ्यात घालून गावाबाहेर काढायचं हे काही साहेबानं शिकवलं नाही.

खरं, जाळून मन मोकळं होतं ह्यावर माझा विश्वास नाही. आमच्याकडचं बेवू त्यापेक्षा शहाणं. पुणे-मुंबईकडं कडुलिंबाची गोळी करतात : कोवळी पानं, गूळ, चिंच, ओवा, हिंग, मीठ वाटून. उत्तर कर्नाटकात बेवू पितात. सहा माणसांना : लिंबाएवढी चिंच भिजवून कोळ, पाणी एक लिटर, गूळ दीडशे ग्रॅम, अर्धी कैरी किसून, फुटाण्याच्या डाळीचं पीठ चार चमचे, खसखस एक चमचा, वेलची, आणि कडुलिंबाची फुलं एक चमचा. फुलं देठ काढून, नुसत्या पाकळ्या, आणि वाढायच्या तोंडावर टाकायच्या. आधी टाकलीत तर तासाभरात सगळं पातेलं कडू आणि पोरं पळालीच म्हणून समजा. पीठही आधी घालू नये, घट्ट पिठलं होतं. मार्चच्या मध्यात पाडवा आला की फुलं कमी, कळ्याच जास्त. मग कळ्या निम्म्याच घ्यायच्या.

कडू आणि गोड एकाच घोटात. मागचं वर्ष असं घशाखाली उतरवायचं, पेटवायचं कशाला?

खानापूर_गंजी

भरलेलं पिंजर कुणाच्या तोंडचं, ते कुणी बोलंनात.

पाच किलो पिंजर म्हणजे एका म्हशीचा एक दिवसाचा सुका चारा. डिसेंबरात सुगी नुकती उरकलेली असते, गंज्या घातलेल्या असतात आणि ती वैरण पावसाळ्यापर्यंत पुरवायची असते. पाच फुटीचं सोडा. वीस फुटीचं बघा : उंची चौपट, रुंदी चौपट, जाडी चौपट. चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट पट. तीनशे किलोच्या वर गेलं. दोन म्हशींचा महिनाभराचा चारा बाराच्या ठोक्याला पाच मिनिटांत जातो, आणि एप्रिलात वैरण महाग झाली म्हणून दुधाचा दर वाढला की शहरवालेच ओरडालेत.

सुतळी_आणि_चिवा

गंजीअण्णा, गणित बरोबर, माल चुकला. मोठा ओल्डमॅन कोणी आतपर्यंत भरत नाही. बांबूचा सांगाडा असतो, त्यावर गोणपाट किंवा कागद, आणि गवताचा हातभर थर. म्हणजे चौसष्ट नव्हे, सोळा पटीच्या आसपास. पाऊणशे-ऐंशी किलो धरा.

खरं, पोकळ असणं हेच जास्त वाईट. पोकळ सांगाडा म्हणजे धुराडं. खालून पेटला की आतून हवा ओढतो, ज्वाळा डोक्यातनं वर निघते, आणि पायाकडचे बांबू आधी जळून तो उभाच्या उभा आडवा होतो. वीस फुटी पडतो तेव्हा वीस फुटांपर्यंत पोचतो. जुन्या गावातली गल्ली रुंद केवढी? पंधरा-अठरा फूट. वर विजेच्या तारा, कडेला लावलेल्या दुचाक्या. उंचीच्या दीडपट अंतर चहूबाजूंनी मोकळं पाहिजे हा नियम धरला तर वीस फुटीला साठ फूट व्यासाचं मैदान लागतं. पाच फुटीला पंधरा फूट पुरतात. म्हणून मी कॅम्पकोपऱ्याच्या बाजूनं, खरं त्यानं अजून एक अट घालायला पाहिजे होती : गल्लीत नाही, मोकळ्या जागेत.

आत फटाके भरण्याची एक खोड आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानुसार ३१ डिसेंबरला फटाक्यांची वेळ रात्री ११.५५ ते १२.३० एवढीच, तेही कमी धुराचे हरित फटाके. पण कायदा बाजूला ठेवा. पोटात लडी ठेवली की ती पेटलेलं गवत वीस-पंचवीस फूट उडवते, आणि कुठल्या बाजूला ते सांगता येत नाही.

शहापूरची_पेठ

मोजमापं झाली असतील तर मूळ प्रश्न विचारते. म्हाताराच का? पांढरी दाढी, चष्मा, हातात काठी, कंबरेत वाकलेला, असं करून पोरांना सांगायचं की हा निरुपयोगी झाला, ह्याला जाळा. त्याच घरात वरच्या खोलीत आजोबा खोकत पडलेले असतात. खोकला कशानं? तुमच्या धुमसणाऱ्या पिंजरानं. प्लास्टिकचा मुखवटा आणि जुना टायर असेल तर विचारूच नका.

आणि “घरच्यांनी मिळून” हे कागदावरच. बायका आत बाराच्या केकची नाहीतर भज्यांची तयारी करतात, पुरुष बाहेर आग बघतात. पाडव्याला निदान गुढीला खण कोण नेसवतं, निऱ्या कोण घालतं, हे सगळ्यांना दिसतं.

कॅम्पकोपरा

पेठेच्या अक्कांचा पहिला मुद्दा मान्य. दाढी-चष्मा काढून टाका. छातीवर पुठ्ठ्याचा मोठा आकडा लावा, सरत्या वर्षाचा. तोंडाला कागदाचा लगदा : वर्तमानपत्र रात्रभर भिजवून, मैद्याच्या खळीत मळून, फुग्यावर तीन थर. दोन दिवस वाळलं की फुगा फोडायचा. डोळे-तोंड रंगवा किंवा कोरंच ठेवा. जाळायचं ते वर्ष.

गंजीअण्णांचंही निम्मं मान्य. जनावरं खात नाहीत असं गवत पुष्कळ असतं : पावसात भिजून बुरसलेलं, गंजीच्या तळाचं काळं पडलेलं. ते वाळवून घ्या. उसाचा पाला मात्र नको. हलका असतो, भपकन पेटतो आणि त्याच्या ठिणग्या दूर जातात. ह्या दिवसांत गावाकडं खळ्याकडंला गंज्याच गंज्या, एक ठिणगी बस झाली.

आणि बेवूला उत्तर. पुतळ्याच्या खिशात चिठ्ठ्या घालाव्यात. घरातल्या प्रत्येकानं वहीच्या साध्या कागदावर एकच ओळ : ह्या वर्षातलं पुढं न्यायचं नाही असं काय. नाव नाही, घडी करून खिशात, कोणी उघडायची नाही. पोरं “गणिताची भीती” लिहितील, थोरली माणसं काय लिहितील ते त्यांचं त्यांना. जाळण्याचा अर्थ तिथं आहे. फटाक्यात नाही.

चिक्कोडीचं_बेवू

चिठ्ठी जळाली म्हणून भावाशी अबोला सुटत नाही. बेवूची वाटी घेऊन त्याच्या दारात जावं लागतं. पाडव्याला ते जमतं कारण दिवसा असतं, दार उघडं असतं, होळगीचं, म्हणजे पुरणपोळीचं ताट ह्या घरातनं त्या घरात जातं. रात्री बाराला कोण कोणाकडं जातंय?

खानापूर_गंजी

ह्याला मात्र माझा दुजोरा.

पाडवाच_खरा

चिठ्ठीची कल्पना चांगली आहे, ती पाडव्याला घ्या. पुढच्या वर्षात काय करायचं ते लिहून गुढीच्या पाटाखाली ठेवा, जाळायची गरज नाही.

गुढी उभी करतानाही लोक चुका करतात, तेवढं सांगून टाकतो. एक, काठी बारीक आणि तांब्या मोठा. मग तांब्या घसरत खाली येतो आणि आंब्याच्या डहाळ्यावर बसतो. काठीच्या टोकाला खणाचं एक टोक दोन वेढे गुंडाळून वर तांब्या दाबून बसवा, हलत नाही. दोन, साडी, कडुलिंब, आंबा, माळ सगळं एकाच गाठीत. माळ जड असते, ती सगळ्यांना खाली ओढते. आधी निऱ्या घालून साडी घट्ट बांधा, वर डहाळे, आणि माळ शेवटी वेगळ्या दोऱ्यानं. तीन, खिडकीच्या गजाला एकाच ठिकाणी बांधणं. दोन ठिकाणी बांधा, दोन्हीत हातभर अंतर ठेवून. आपल्याकडं ह्या दिवसांत दुपारनंतर वळीव येतो, आधी वारा सुटतो आणि एका गाठीवरची गुढी गरकन फिरून शेजारच्या गॅलरीत. आपल्या शहापुरातली शहापुरी साडी असेल तर ढग दिसताच उतरवा, सूर्यास्ताची वाट बघू नका. शास्त्राला चालतं का ते घरातल्या थोरल्यांना विचारा. साडीला नक्की चालतं.

शहापूरची_पेठ

साडीबद्दल बोललात म्हणून माफ.

तरी रात्रीचा प्रश्न सुटलेला नाही. दहानंतर लाउडस्पीकर बंद असा नियम आहे, तो ओल्डमॅनच्या रात्री कोण पाळतं? आणि बारालाच कशाला? संध्याकाळी सात वाजता जाळा. पोरं जागी असतात, म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसू शकतात, बायकांना बाहेर यायला मिळतं.

सुतळी_आणि_चिवा

सातचं खरंच चांगलं आहे, आणि कारण वेगळं. डिसेंबरात रात्री दहानंतर बेळगावात दव पडायला लागतं. दिवसभर वाळवलेलं पिंजर बारापर्यंत उघड्यावर राहिलं की वरचा थर सर्द होतो. ओल्या थराचाच पांढरा धूर. सातला जाळला तर धूर कमी.

खाली चार बोटं वाळू किंवा माती पसरा. डांबर पन्नास अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं, त्यावर थेट आग म्हणजे पावसाळ्यात तिथंच खड्डा. पाण्याच्या दोन बादल्या आणि ओलं गोणपाट हाताशी. पेटवायचा वारा पाठीवर घेऊन उभं राहून, लांब काठीला चिंधी बांधून, छातीजवळ. पायाकडनं पेटवलात तर आधी पाय जातात. रॉकेल-पेट्रोल अजिबात नाही. सुक्या गवताला काडी पुरते, पुरत नसेल तर तुमचं गवत सुकं नाही.

गाठी तारेनं मारल्या असतील तर सकाळी तार राखेतनं वेचून काढा. गुरांच्या पोटात जाते.

खानापूर_गंजी

आणि राख लगेच भरायला जाऊ नका. पिंजराची राख वरनं पांढरी दिसते, आत निखारा सकाळपर्यंत असतो. पाणी मारा, काठीनं उलथा, परत पाणी. पत्र्याच्या घमेल्यात घ्या, प्लास्टिकच्या बादलीत नको.

टाकूही नका. कपडा सुती असेल आणि वर रंग-प्लास्टिक नसेल तर वाळवून, वस्त्रगाळ करून डब्यात ठेवा. भाताच्या गवताची राख करकरीत असते, भांडी लख्ख निघतात.

पाडवाच_खरा

तांब्याच्या तांब्याला चालेल?

खानापूर_गंजी

आधी चिंच लावा. मग चालंल.