घोडी लावायची आहे, घोडा बघू का घोड्याचा मालक?

माणदेशी_स्वार (दहिवडी)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. माझी घोडी जुन्या लोकांना माहितीये, तीच कुमैत (अंग तांबूस, आयाळ-शेपूट काळी), तीन वर्षांपूर्वी अकलूजच्या बाजारातनं आणलेली, मारवाडी रक्ताची दिसते पण कागद नाहीत. आता सहा वर्षांची झाली, अंगानं भरलीये आणि यंदा लावायचीच, म्हणजे घोडा दाखवून गाभण करायची, असं घरात ठरलंय. फेब्रुवारी निम्मा झाला, दिवस मोठा व्हायला लागला तशी माजावर पण यायला लागली, मागच्या आठवड्यात पाच दिवस नुसती शेपूट बाजूला धरून उभी, वडाराचं गाढव रस्त्यानं गेलं तरी थांबायची. हसू नका.

दोन घोडे बघून आलो आणि आता डोकं चालेना.

पहिला जत साइडला. घोडा ६१ इंच, डोळा शांत, ठीकठाक. पण मालक म्हणजे काय सांगू, तासभर बाहेर बसवलं, पाणी विचारलं नाही, मग आला आणि घोडीचा व्हिडिओ दाखव म्हणाला, दाखवला तर म्हणतो असला नको, मागनं चालतानाचा दाखव. नशिबानं होता मोबाईलमध्ये. तीनदा बघितला आणि तोंडावर सांगितलं, "मागचे पाय गाईवाणी आत आल्यात तुझ्या घोडीचे. माझ्या घोड्याचे पण वाईच तसेच हायत. शिंगरू बिघडलं तर गावभर माझ्या घोड्याचं नाव घेत फिरशील." वर आणि ग्लँडर्स रोगाचा रिपोर्ट नसेल तर घोडी फाटकाच्या आत आणायची नाही म्हणे. जसं काय मी रोग घेऊनच आलोय. फी ११ हजार, पण देतो असं म्हणालाच नाही.

दुसरा कोरेगाव साइडला. आहाहा. ६४ इंच, मुश्की म्हणजे काळाभोर, कानाची टोकं एकमेकाला लागलेली, गळ्याला देवमण (शुभ मानतात ती भोवरी), रवाळ चाल अशी की पाठीवर पाण्याचा ग्लास ठेवावा. मालक तर देवमाणूस, चहा झाला, पोहे झाले, निघताना गाडीत उसाची मोळी टाकली. म्हणाला "पाव्हणं काय काळजी करू नका, घोडी सोडून जावा आणि महिन्याभरानं गाभण घेऊन जावा." फी २१ हजार, घोडी ठेवायचे दिवसाचे पैसे वेगळे. याची शिंगरं बघायला मिळतील का विचारलं तर व्हिडिओ पाठवतो म्हणाला, आला तो घोड्याचाच नाचतानाचा आला, असो.

आमचे अण्णा म्हणतात सोयरीक करायची तर बोलणारं माणूस बघावं, दुसराच धर. मला पण तसंच वाटतंय. पण मालकाच्या स्वभावाला खरंच एवढे मार्क द्यायचे असतात का? शेवटी शिंगरू घोड्याचं होणार, मालकाचं नाही.


तासगावचा_पठ्ठ्या

भावा घोडा बघ. त्याच्या घरात पोरगी द्यायची नाहीये तुला. ६४ इंच मुश्की देवमणवाला सोडून ६१ इंची कोण घेतंय. दुसरा फायनल कर आणि विषय संपव.


मिरजेचा_नालबंद

वडिलांपासून नाल मारायचं काम आहे आमचं, मिरजेपासनं जतपर्यंत बऱ्याच पागा पायाखालच्या आहेत. माणूस कसाय ते मला चहावरनं कळत नाही, चहा सगळेच पाजतात. घोडा पाय कसा देतो त्यावरनं कळतं. खांद्यावरनं हात खाली सरकवत आणला की चांगल्या हातातला घोडा घोट्यापर्यंत हात पोचायच्या आधीच वजन दुसऱ्या पायावर टाकतो आणि खूर स्वतः उचलून हातात देतो. आणि मार खाल्लेला घोडा बी पाय देतो बरं का, देत नाही असं नाही, पण खांद्याची कातडी माशी बसल्यावाणी थरथरत राहते आणि डोळ्याचा कोपरा सगळा वेळ त्या माणसाकडं असतो ज्याच्या हातात काठी असती. मालक तबेल्यात आला की घोड्याचे कान कुठं जातात तेवढं बघ, बाकी इन्स्टावरचा नाच बघू नको.

दुसरं म्हणजे खूर बघ. खूर महिन्याला साधारण सेंटिमीटरभर, कधी त्याच्या आतच वाढतं, म्हणजे वरच्या केसापासनं खाली टोकापर्यंत यायला वर्ष लागतं. चंदी (दाणा) मध्येच बंद झाली, ताप आला, पोट बिघडलं की खुरावर आडवी वळी उठते आणि ती हळूहळू खाली सरकत जाते. मालक तोंडानं काय बी सांगू दे, वर्षभराचा हिशोब तिथं लिहिलेला असतो.

आणि मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा गडी, किती दिवसांचा आहे ते विचार. जिथं वर्षात तीन मोतद्दार पळून जातात तिथं घोडी सोडून यायचं धाडस मी तरी करणार नाही, कारण माजावरच्या घोडीजवळ घोडा आणताना दोरी त्याच मोतद्दाराच्या हातात असते, मालक लांब खुर्चीवर असतो. घोडीची एक लाथ नेमकी बसली तर घोडा कायमचा जातो आणि घोडा मानेला चावला तर घोडी फाटते. नवशिक्या पोराचं काम नाही ते.


फलटणची_रपेटवाली

माझं ऐका, मी भोगलंय. नाव गाव काही सांगणार नाही.

माझी घोडी सुरंग, म्हणजे अंग आयाळ शेपूट सगळं तांबूस. ज्या घोड्यासाठी फी भरली तो पण सुरंग, सगळीकडं नाव असलेला. मालक इतका गोड की माझ्या सासूबाई त्याला दादा म्हणायला लागल्या. घोडी २० दिवस तिथं ठेवली, फोन केला की "ताई झालं काम, दोनदा दाखवला घोडा." अकरा महिने नुसती सेवा केली तिची, शेवटचे चार दिवस तर मी गोठ्यातच झोपत होते, शिंगरू झालं पहाटे साडेतीनला. वारेतनं बाहेर आलं तेव्हा ओलं होतं, काही कळलं नाही. घोडी चाटत होती, मी पण पोत्यानं पुसत होते, आणि वाळायला लागलं तशी आयाळ काळी. शेपूट काळी. मला वाटलं बॅटरीच्या उजेडात तसं दिसतंय. पुढं अंगावरचे बाळकेस गळाले तर गुडघ्यापासून पाय पण काळे, चक्क कुमैत.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सुरंग घोडी आणि सुरंग घोडा यांना कुमैत शिंगरू होतच नाही, दोघांकडं काळ्या रंगाची जनुकच नसते तर ती येणार कुठनं. मालकाला फोन केला तर म्हणतो "देवाची करणी हाय ताई, आजोबावर गेलं असंल." आजोबावर कसलं. शेवटी आयाळीचे केस मुळासकट उपटून डीएनएला पाठवले, बाप दुसराच निघाला. म्हणजे मोठ्या घोड्याला त्या दिवसात घोड्या जास्त झाल्या होत्या म्हणून रात्री तबेल्यातला दुसराच कुठला तरी लावला, एवढंच.

शिंगरू चांगलं आहे हो, जीव आहे माझा त्याच्यावर. पण "शिंगरू घोड्याचं होणार, मालकाचं नाही" असं जे तुम्ही लिहिलंय ना, ते कुठल्या घोड्याचं होणार हे मालकच ठरवतो. तुम्ही तिथं नसता.


डॉक्टर_विटा

मी पशुवैद्यक. माणदेशी_स्वार, तुम्ही जे तक्रार म्हणून लिहिलंय ते परत एकदा शांतपणे वाचा. जतच्या माणसानं मागून चालतानाचा व्हिडिओ मागितला, तुमच्या घोडीचा दोष सांगितला, स्वतःच्या घोड्याचा दोष न विचारता सांगितला आणि ग्लँडर्सचा रिपोर्ट मागितला. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात स्वतःच्या घोड्याचं वैगुण्य आपणहून सांगणारे मालक बोटावर मोजण्याइतके भेटलेत.

ग्लँडर्सचा राग धरू नका. त्यावर उपचार करायचे नसतात, पॉझिटिव्ह आला की जनावराला सरकारी नियमानं दयामरणच देतात, परिसरात घोड्यांची ये-जा बंद होते, आणि माणसालाही तो होतो. रक्त तुमच्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यामार्फत तपासायला जातं, हिसारचं राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र शेवटचा शब्द देतं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक घोडीचा रिपोर्ट मागणारा माणूस तुमच्या घोडीला पण वाचवतोय, कारण तुमच्या आधी तिथं आलेल्या घोडीचा पण त्यानं मागितला असणार. आपल्याकडं गंमत अशी की गळ्यावरची भोवरी दहा जण बघतात आणि नाकातला शेंबूड एक जण बघत नाही.

आणि ते "महिन्याभरानं गाभण घेऊन जावा" जरा खटकलं. घोडीचं चक्र २१ दिवसांचं, त्यात माज पाच ते सात दिवस आणि बीज सुटतं माजाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत. आधी सोनोग्राफी करून दिवस धरला तर दोन वेळात काम होतं, महिनाभर ठेवायची गरज काय? दिवसाचे पैसे मिळतात ही गरज. लावल्यापासून १४ ते १६ दिवसांत पहिली सोनोग्राफी झालीच पाहिजे, कारण घोडीला जुळं असणं चांगली बातमी नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात, त्या दिवसांत दिसलं तर एक गर्भ दाबून कमी करता येतो, उशीर झाला की अवघड. ही तपासणी कोण करणार, पैसे कोण देणार, घोडी उलटली (गाभण राहिली नाही) तर पुढच्या माजाला फुकट लावणार का, हे साध्या कागदावर लिहून मागा. घोड्याचं नाव, मायक्रोचिप असेल तर नंबर, लावल्याच्या तारखा, दोघांच्या सह्या. सोनोग्राफी जवळपास होत नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा.

अजून एक, लाजू नका, घोड्याची दोन्ही वृषणं खाली उतरलीत का ते वाकून बघा. एक वर अडकलेलं असलं तरी घोडी गाभण राहते, पण तो दोष पोरात उतरू शकतो.


वाईकर_काका

डॉक्टरांचं सगळं मान्य, पण एक सांगतो, आता सगळे मिळून त्या जतवाल्याला संत करू नका. तोंडाळ माणूस सरळच असतो हा पण एक गोड गैरसमज आहे. आमच्या आळीत एक होता, तोंडाळ पण आणि लबाड पण, लोक म्हणायचे फटकळ आहे पण मनाचा साफ, आणि त्यानं त्या साफ मनानं दोन भावांची जमीन साफ केली. आणि गोड बोलणारा प्रत्येक जण चोर असतो का? नाही ना. पोहे चांगले होते तर चांगले होते. दोघांनाही तेच चार प्रश्न विचारा, न सांगता जा, आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते मोजा.


माणदेशी_स्वार (दहिवडी)

सगळ्यांचे आभार. ताई तुमचं वाचून अण्णा दोन दिवस गप्प होते.

काकांचं ऐकून गुरुवारी न सांगता कोरेगावला गेलो, सोबत चुलतभाऊ. मालक तसाच गोड, परत चहा. रिपोर्ट विचारला तर "हाय की, पण पुण्याला पोराकडं राहिलाय." शिंगरं विचारली तर "सगळी इकली पाव्हणं, मागणीच एवढी." कुणाला विकली म्हटलं तर लांब लांब गेली म्हणाला. मोतद्दार पोरगं १५ दिवसांपूर्वी आलंय, त्याला घोड्याचं वय पण माहीत नव्हतं, भोळं आहे बिचारं, म्हणालं आज सकाळी दोन घोड्या झाल्या आणि संध्याकाळची एक यायचीये. पुढच्या उजव्या खुराला निम्म्यात चांगली दोन वळी दिसली. नालबंद दादा, मालक आत आला तेव्हा घोड्याचे कान मागं गेले. शेवटी कागदाचं काढलं तर पहिल्यांदा तोंड पडलं त्याचं, "आपल्यात कागद कशाला" म्हणाला. फसवतच होता असं मी म्हणत नाही. पण उसाची मोळी या वेळी टाकली नाही.

मग रात्री हिय्या करून जतला फोन लावला. "परवा न्हाय म्हटलं की तुला" इथनंच सुरुवात. मी म्हटलं घोडा नका देऊ, पण माझ्या घोडीला कसला घोडा बघू एवढं तर सांगा. थोडा वेळ गप्प, मागं टीव्हीचा आवाज. मग म्हणाला मागनं सरळ घोडा बघ, उंचीच्या मागं लागू नको, खानापूर तालुक्यात एक हाय, सबजा (पांढुरका-करडा), ६० इंची, त्याची चार शिंगरं मी डोळ्यानं बघितल्यात, चारीचे मागचे पाय काठीवाणी सरळ. तुझी घोडी हिटला आली की आधी सोनोग्राफी कर मग ने, उगाच आठवडाभर आधी नेऊन त्याचं भाडं भरू नको. मी मालकाचा नंबर मागितला तर म्हणाला, "नंबर न्हाय माझ्याकडं. आमचं सात वर्षं बोलणं न्हाय. माझं नाव सांगू नको, न्हायतर घोडा दावायचा न्हाय त्यो."

सोमवारी घोडीचं रक्त काढायला डॉक्टर येतायत.


तासगावचा_पठ्ठ्या

६० इंच. जाऊ दे, काय बोलू. मागनं चालतानाचा व्हिडिओ टाक.