मदत हवी आहे: 'रिव्हर पेट्रोल' (River Patrol, १९४८) हा जुना ब्रिटिश सिनेमा सबटायटलसह कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा मुंबई कस्टम्सच्या प्रिव्हेंटिव्हमध्ये, म्हणजे तस्करी रोखणाऱ्या विभागात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात काही सापडेनासं झालं की म्हणतात, "आधी नीट रमेज करा." जहाजाचा कोपरा न् कोपरा धुंडाळायचा, त्याला गोदीत हाच शब्द.

मागे त्यांच्यासोबत 'पूल ऑफ लंडन' (१९५१) पाहिला. टॉवर ब्रिजजवळचे खरेखुरे धक्के, तिथे लागलेलं मालवाहू जहाज, चोरटा माल बाहेर काढता काढता हिऱ्यांच्या भानगडीत अडकलेला खलाशी. बाबा अगदी टीव्हीजवळ खुर्ची ओढून बसले होते. लंडनच्या कस्टम्सवालेही झडतीला 'रमेज'च म्हणायचे, हे मी सांगितल्यावर म्हणाले, "मग, आमच्याकडे तो शब्द आला कुठून?"

तेव्हापासून असे सिनेमे शोधतोय. 'रिव्हर पेट्रोल' हॅमर कंपनीचा, भयपटांनी तिचं नाव होण्याच्या आधीचा. तासाभराच्या आतला, अगदी कमी खर्चात केलेला, मुख्य सिनेमाच्या जोडीला दाखवायचा. नायलॉन मोज्यांची तस्करी करणारी टोळी आणि तिच्या मागावर कस्टम्सचा माणूस. मोज्यांसाठी एवढी धडपड कशाला, असं माझ्या मुलीने विचारलं. ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १९४९ पर्यंत चालू होतं, हे बाबांनीच तिला समजावलं, आणि मग आपल्याकडच्या सोन्याच्या बिस्किटांच्या आणि घड्याळांच्या गोष्टी सुरू झाल्या. किती दिवसांनी ते इतकं बोलले!

अडचण अशी की त्यांना आता फार कमी ऐकू येतं. माझ्याकडच्या प्रतीला सबटायटल नाहीत. आपोआप येणारी अक्षरं लावून पाहिली, पण लंडनच्या गोदीतली बोली त्या यंत्राला कळत नाही. मी स्वतः ऐकून टाइप करायला बसलो, दोन संध्याकाळी गेल्या आणि जेमतेम दहा मिनिटांचा भाग झाला. निम्मे शब्द मलाही लागत नाहीत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणी याची सबटायटल असलेली डीव्हीडी पाहिली आहे का? नसेल, तर तिथल्या बोलीची सवय असलेलं कुणी माझे अडलेले संवाद ऐकून देईल का? मिनिट-सेकंदासह यादी तयार आहे.

जहाजाची झडती नीट दाखवणारे त्या काळातले आणखी सिनेमेही सुचवा. 'द शिप दॅट डाइड ऑफ शेम' (१९५५) पाहून झाला. युद्धात लढलेली गनबोट तस्करीला जुंपलेली पाहून बाबांना फार वाईट वाटलं.

सबटायटल इंग्रजी असली तरी चालतील, ते भराभर वाचतात. फक्त अक्षरं मोठी करता यायला हवीत.