‘परिघीय’ आणि ‘किरकोळ’ : संगणक दुकानाच्या वर्गीकरणात या शब्दांचा अर्थ काय?

प्रश्न : व्यवसायाच्या वर्णनात ‘संगणक व परिघीय उपकरणांची किरकोळ विक्री’ असं लिहिलेलं असतं. यातल्या परिघीय मधे काय काय धरायचं? दुसरं म्हणजे दुकानातून एखाद्या कंपनीने एकदम चाळीस संगणक नेले तर ती विक्रीपण किरकोळच का?

उत्तर : परिघीय म्हणजे पेरिफेरल, बोलताना सगळे पेरिफेरलच म्हणतात. संगणकाला बाहेरून जोडायची वस्तू, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर वगैरे. मला स्वतःला ‘जोडउपकरणं’ हा शब्द जास्त आवडतो, ऐकल्याबरोबर कळतो.

उत्तर : जोडउपकरणं छान आहे, पण ‘बाहेरून जोडायची’ एवढ्यावर थांबू नका, कारण संयुक्त राष्ट्रांचं उद्योगधंद्यांचं जे वर्गीकरण आहे (आयएसआयसी, चौथी आवृत्ती) त्यात संगणक आणि पेरिफेरल बनवणाऱ्यांचा वर्ग २६२० आहे आणि त्यात हार्ड डिस्कसारखे ड्राइव्हसुद्धा येतात, ते पेटीच्या आत बसवलेले असले तरी. प्रोजेक्टर येतो, व्हीआर हेल्मेटपण येतं. उलट मोडेम बाहेरून जोडत असलात तरी तो या वर्गात येत नाही, आणि साउंड कार्ड, व्हिडिओ कार्ड इलेक्ट्रॉनिक घटकांत, २६१० मधे. म्हणजे आत की बाहेर हा निकष नाहीच. अर्थात ही विभागणी बनवणाऱ्यांसाठी. दुकानदाराला तिचा त्रास नाही कारण विक्रीचा वर्ग ४७४१ मुळातच ऐसपैस आहे, संगणक, पेरिफेरल, गेम कन्सोल, तयार सॉफ्टवेअर आणि दूरसंचार उपकरणं सगळं एकत्र. कोणा एकासाठी मुद्दाम लिहून दिलेलं सॉफ्टवेअर मात्र यात धरायचं नाही.

उत्तर : किरकोळ बद्दल सविस्तर लिहितो कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. आपण किरकोळ म्हणजे थोडंथोडकं, क्षुल्लक असं ऐकत आलोय (किरकोळ दुखापत, किरकोळ खर्च), त्यामुळे माल किती गेला यावर किरकोळ की घाऊक ते ठरतं असं वाटतं. वर्गीकरण बघतं ते गिऱ्हाईक कोण आहे ते. माल मुख्यतः सर्वसामान्य लोकांना, त्यांच्या स्वतःच्या किंवा घरच्या वापरासाठी विकला की किरकोळ. दुकानदारांना, कारखान्यांना, संस्थांना, ऑफिसांना विकला की घाऊक, संगणकाच्या बाबतीत वर्ग ४६५१. मग चाळीस संगणकांचं काय? तर गंमत अशी की किरकोळ व्यापाराच्या व्याख्येतच पर्सनल कॉम्प्युटरचं नाव घेऊन सवलत दिलेली आहे, स्टेशनरी, रंग आणि इमारती लाकूड यांच्या जोडीला. जे दुकान प्रामुख्याने मांडून ठेवलेला माल सर्वसामान्य गिऱ्हाइकाला विकतं ते किरकोळच, घेणाऱ्याने तो माल ऑफिसात वापरला तरीही. तेव्हा एका मोठ्या ऑर्डरने दुकान घाऊक होत नाही. पण मुख्य धंदाच संस्थांना पुरवठा करायचा असेल तर पुढे शोरूम असूनही ४६५१.

प्रश्न : आणि दुरुस्तीपण करत असेल तर? शिवाय सुटे भाग आणून असेंबल करून देणारा विक्रेता की उत्पादक?

उत्तर : दुरुस्तीचा वर्ग वेगळा, ९५११. दोन्ही कामं असतील तर मुख्य काम कोणतं ते बघायचं, आणि मुख्य म्हणजे ज्यातून मूल्यवर्धन (विक्रीच्या रकमेतून विकत घेतलेल्या माल-सेवांचा खर्च वजा करून उरतं ते) जास्त होतं ते. निव्वळ उलाढाल बघून चालत नाही, विक्रीत रक्कम मोठी दिसते पण त्यातली बरीचशी मालाच्या खरेदीची असते, दुरुस्तीत तसं नसतं. मूल्यवर्धनाचे आकडेच मिळत नसतील तर मग उलाढाल किंवा माणसं किती कुठे लागतात यावरून अंदाज घेतात.

असेंबलचं अमेरिकेच्या वर्गीकरणात (एनएआयसीएस) स्पष्ट लिहिलंय, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे संगणक जुळवून देणं हे उत्पादनात धरत नाहीत, व्यापारातच. रंगाच्या दुकानात हवी ती छटा मिसळून देतात तेही उत्पादनात न धरायच्या कामांच्या त्याच यादीत आहे.

उत्तर : एक भर. आयएसआयसीच्या चौथ्या आवृत्तीत ४७४१ च्या नावातच ‘विशेष दुकानांतून’ असे शब्द आहेत, म्हणजे त्याच प्रकारच्या मालाला वाहिलेलं दुकान, खास किंवा भारी दुकान असा अर्थ नाही. म्हणून फक्त इंटरनेटवरून विकणारा तिथे ४७९१ मधे जातो. पाचव्या आवृत्तीत दुकान की ऑनलाइन हा भेद काढून टाकला आणि वर्ग ४७४० झाला, जे मला फार योग्य वाटतं, तोच कीबोर्ड तोच विक्रेता दोन्हीकडून विकत असतो. तेव्हा कोड लिहिताना कुठली आवृत्ती चालू आहे ते आधी बघा, आणि मराठी वर्णनात ‘विशेष दुकान’ ऐवजी ‘केवळ याच मालाचं दुकान’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला विचारावं लागणार नाही.